एका पत्त्यावरच्या दोन चिठ्ठ्या



ज्यांच्या नावाने व्याख्यानमाला चालते त्यांच्याविषयी आधी चार शब्द बोलावेत आणि मग विषयाकडे वळावं, अशी रीत आहे. आज मला तसं करता येणार नाही, कारण हा विषय मला त्यांनीच, म्हणजे माझ्या सरांनीच दिला. तोही एका बुधवारी, ओपीडी संपल्यावर, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून.

1984 सालची गोष्ट. मी मनोविकारशास्त्रात एम.डी. करत होते. मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग अशा विभागांतून आमच्याकडे रुग्ण पाठवले जायचे, सोबत एक चिठ्ठी असायची. औषध कंपनीच्या पॅडचा पाव कागद आणि त्यावर घाईघाईने खरडलेल्या दोन ओळी. इतर लोक त्या चिठ्ठ्या टाकून देत. सर त्या डब्यात जपून ठेवत. त्या दिवशी त्यांनी दोन चिठ्ठ्या काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. एकीवर लिहिलं होतं: जुना दारुडा, उलट्या, हातांना कंप, दाखल करण्याची गरज नाही. दुसरीवर: डोकं दुखतं, कंबर दुखते, छातीत धडधड, अंगावरून पांढरं जातं, सर्व तपासण्या झाल्या, एनएडी. एनएडी म्हणजे दोष काहीच आढळला नाही. पाठवणारे विभाग वेगळे, डॉक्टर वेगळे, दोन तारखांत नऊ दिवसांचं अंतर. सर मला म्हणाले, "पत्ता वाच." दोन्हींवर एकाच चाळीचा पत्ता होता, खोलीचा नंबरही एकच.

नवरा एका खिडकीवर केसपेपर काढून गेला होता, बायको दुसऱ्या. त्याला कुणी तरी सांगितलं होतं की हे तुझं तूच ओढवून घेतलं आहेस. तिला सांगितलं होतं की तुला काही झालेलं नाही, मनाचे खेळ आहेत. इस्पितळातून माणसाला परत पाठवण्याची ही दोन वाक्यं मी नंतर हजारो वेळा ऐकली. तरुणपणी स्वतःही उच्चारली, हे इथे कबूल करते.

ही दोन वाक्यं उच्चारायची नाहीत असं ठरवून ज्यांनी वैद्यकीय महाविद्यालयांत आयुष्य काढलं, त्यांच्या कारकिर्दींविषयी मला बोलायचं आहे. व्यसन आणि मनोकायिक आजार या मनोविकारशास्त्राच्या दोन शाखा आज वेगवेगळ्या मानल्या जातात. त्यांच्या परिषदा वेगळ्या, नियतकालिकं वेगळी. माझं म्हणणं असं की या दोन्ही शाखांतली मोठी माणसं शेवटी एकाच ठिकाणी पोचली, म्हणजे रुग्णाच्या घरी. आणि तिथे पोचायला त्यांना आपली निम्मी हयात घालवावी लागली.

सुरुवात जॉर्ज एंगेल यांच्यापासून करते. जन्म 1913, न्यूयॉर्क. जॉन्स हॉपकिन्समधून 1938 साली डॉक्टर झाले. मूळचे फिजिशियन, आधीचं शिक्षण रसायनशास्त्राचं. त्यामुळे मनामुळे शरीर बिघडतं हे बोलणं त्यांना सुरुवातीला मुळीच पटत नसे. बॉस्टनमध्ये जॉन रोमानो या मनोविकारतज्ज्ञाशी त्यांची गाठ पडली. दोघांनी मिळून वातभ्रमाचा अभ्यास केला, मेंदूच्या विद्युत आलेखांवर काम केलं. 1946 साली दोघेही रोचेस्टर विद्यापीठात आले. तिथे एंगेल यांची नेमणूक मेडिसिन आणि मनोविकार अशा दोन्ही विभागांत झाली. हा तपशील कागदोपत्री वाटेल, पण त्याला फार मोल आहे. ते मेडिसिनच्या वॉर्डात पाहुणे म्हणून जात नसत, तो त्यांचाच वॉर्ड होता. आपल्याकडचा मनोविकारतज्ज्ञ बोलावलं तर जातो, कागदावर दोन औषधं लिहितो आणि जिन्याने खाली उतरतो.

रोचेस्टरला त्यांच्याकडे एक बाळ आलं. वैद्यकीय साहित्यात तिला मोनिका म्हणतात. तिची अन्ननलिका जन्मतःच जोडलेली नव्हती, म्हणून पोटाला छिद्र पाडून नळीने थेट जठरात दूध घालावं लागे. इस्पितळात आली तेव्हा ती सव्वा वर्षाची होती, वाळून गेलेली, कुणाकडे बघतही नसे. एंगेल आणि त्यांचे सहकारी फ्रान्झ राइक्समन यांनी तिच्या जठरातल्या आम्लाची रोज नोंद ठेवली. ओळखीचे डॉक्टर खोलीत आले की बाळ हसायचं, हात पुढे करायचं आणि आम्ल वाढायचं. अनोळखी माणूस समोर बसला की ती मान फिरवायची, अंग सैल सोडायची, निजून जायची, आणि आम्ल जवळजवळ थांबायचं. तोंडात घास नाही, समोर अन्न नाही. फक्त समोरचं माणूस बदललं आणि तेवढ्याने जठर बदललं. "मनाचे खेळ" म्हणणाऱ्यांना याहून स्वच्छ उत्तर मला माहीत नाही. त्या खेळाची मोजदाद परीक्षानळीत होत होती.

मला त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. शस्त्रक्रिया झाली, मोनिका तोंडाने खाऊ लागली, घरी गेली. शोधनिबंध छापून झाले होते. तिथे थांबलं असतं तरी कुणी काही म्हटलं नसतं. एंगेल यांनी तिचा माग तीस वर्षं सोडला नाही. ती बाहुल्यांशी खेळताना पाहिली, लग्न होऊन आई झालेली पाहिली. आणि दिसलं ते असं, की आपल्या मुलींना दूध पाजताना ती त्यांना छातीशी धरत नसे. गुडघ्यांवर आडवं ठेवून बाटली लावत असे. बाळपणी तिला जसं आडवं ठेवून नळीने पाजलं होतं, तसंच. त्या नळीची तिला आठवण असणं शक्य नव्हतं. हातांना होती.

तीस वर्षं एकाच विद्यापीठात, एकाच माणसाच्या मागे. इथे मला माझी एक सल सांगितली पाहिजे. मी एका महाविद्यालयात अकरा वर्षं काम केलं. व्यसनमुक्तीच्या रुग्णांचा पाठपुरावा दाखवणारी चौदा रजिस्टरं मी आणि माझ्या परिचारिका भगिनींनी भरली होती. कोण किती महिने न पिता राहिला, कुणाची बायको परत नांदायला आली, कोण वारला. माझी बदली झाली. दोन वर्षांनी गेले तर कपाट रिकामं होतं, रजिस्टरं रद्दीत गेली होती. मला तेव्हा रडू आलं आणि आजही त्याचं दुःख आहे. कारण आपल्याकडे मोनिका नाहीत असं नाही, प्रत्येक जिल्ह्यात आहेत. त्यांच्या मागे तीस वर्षं राहता येईल अशी खुर्ची आपण कुणाला देत नाही.

एंगेल यांचा स्वतःचा देहही या अभ्यासातून सुटला नाही. त्यांचा जुळा भाऊ फ्रँक, तोही वैद्यकाचा प्राध्यापक, 1963 साली हृदयविकाराच्या झटक्याने गेला. वर्ष भरायच्या आत जॉर्ज एंगेल यांना झटका आला. ते वाचले. त्यानंतर दहा वर्षं त्यांनी स्वतःची स्वप्नं, चुका, भावाच्या जाण्याच्या तारखेजवळ होणारी आपली घालमेल टिपून ठेवली आणि 1975 मध्ये ते सारं छापलं. प्राध्यापकाने स्वतःच्या शोकाला अभ्यासाचा विषय करायचा, तोही नाव लावून, याला केवढं धैर्य लागतं! आपल्याकडे वर्षश्राद्धाच्या आसपास माणूस आजारी पडला तर घरातल्या म्हाताऱ्यांना त्याचं नवल वाटत नाही. एंगेल यांनी तेच वैद्यकाच्या भाषेत मांडलं.

1977 साली 'सायन्स' या नियतकालिकात त्यांचा प्रसिद्ध लेख आला: आजाराकडे शरीर, मन आणि समाज अशा तिन्ही अंगांनी पाहिल्याशिवाय तो समजत नाही. आज पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही हे परीक्षेत लिहितो. मी शिकवताना मात्र त्यांचा 1980 चा लेख काढते. त्यात पंचावन्न वर्षांचा एक माणूस आहे, सहा महिन्यांपूर्वी एक झटका येऊन गेलेला. दुसरा झटका आल्यावर तो अपघात विभागात येतो, त्याच्यावर उपचार सुरू होतात, तो सावरतो. मग शिकाऊ डॉक्टर त्याच्या धमनीतून रक्त काढू पाहतात. जमत नाही. पुन्हा टोचतात, पुन्हा जमत नाही. त्याला कुणी काही सांगत नाही. मदत आणायला म्हणून ते निघून जातात. एकटा पडलेला तो माणूस घाबरतो, चिडतो, आपण चुकीच्या हाती पडलो असं त्याला वाटू लागतं, आणि त्याचं हृदय बंद पडतं. त्याला वाचवण्यात यश आलं. पण एंगेल विचारतात, हे हृदय कशाने थांबलं? खोलीत यंत्रं होती, औषधं होती. "जरा त्रास होतोय, आम्ही येतोच" असं म्हणणारं माणूस नव्हतं.

आता नवऱ्याच्या चिठ्ठीकडे.

मारी निस्वँडर यांना शल्यविशारद म्हणून अमेरिकेच्या नौदलात जायचं होतं. बाई म्हणून घेतलं नाही. 1945 मध्ये त्यांची रवानगी केंटकीतल्या लेक्सिंग्टनला झाली. तिथे व्यसनी लोकांसाठी सरकारी इस्पितळ होतं, निम्मं तुरुंगच. माणसं बरी करून सोडायची आणि काही महिन्यांत तीच परत यायची. बाईंनी तिथे पाहिलेली वागणूक त्यांच्या मनातून गेली नाही. 1956 साली त्यांनी पुस्तक लिहिलं, त्याच्या नावाचा अर्थच मुळी 'व्यसनी माणूस, एक रुग्ण' असा होतो. त्या काळात एवढं म्हणणंही धाडसाचं होतं. पुढे व्हिन्सेंट डोल आणि मेरी जीन क्रीक यांच्याबरोबर रॉकफेलर संस्थेत त्यांनी हेरॉइनच्या व्यसनावर मेथाडोन या औषधाचा उपचार उभा केला. 1965 च्या पहिल्या निबंधात फक्त बावीस रुग्ण आहेत. मॉर्फीन देत असताना हीच माणसं दिवसभर पुढच्या डोसची वाट बघत बसायची. मेथाडोनवर आल्यावर एक जण चित्रं काढू लागला. औषध देऊन व्यसन कसं सुटेल, हा आक्षेप तेव्हा होता आणि आपल्या सरकारी केंद्रांत तशाच कामाचं बुप्रेनॉर्फिन देताना नातेवाईक आजही घेतात. माझं उत्तर ठरलेलं असतं: तो कामावर जातोय का, ते बघा.

ग्रिफिथ एडवर्ड्स यांच्याविषयी मात्र सविस्तर बोलायला हवं. लंडनच्या मॉडस्ली इस्पितळातले हे मनोविकारतज्ज्ञ. 1967 साली त्यांनी तिथे व्यसन संशोधन विभाग सुरू केला. त्याआधी लंडनच्या फुटपाथवर झोपणाऱ्या दारुड्यांमध्ये फिरून त्यांनी अभ्यास केला होता. 1976 साली मिल्टन ग्रॉस यांच्यासह त्यांनी दारूवरच्या अवलंबित्वाचं वर्णन प्रसिद्ध केलं, आणि जगभरच्या रोगनिदानाच्या याद्या पुढे त्यावर बेतल्या गेल्या. त्यांचं म्हणणं असं, की 'दारुडा' आणि 'दारुडा नसलेला' असे दोन कप्पे नसतात, अवलंबित्व कमीजास्त असतं. त्याचं एक लक्षण त्यांनी सांगितलं: पिण्याची तऱ्हा आकसत जाते. आधी शनिवारचं पिणं वेगळं, लग्नातलं वेगळं, पगाराच्या दिवशीचं वेगळं. मग सगळे वार सारखे होतात.

हे मी विद्यार्थ्यांना शिकवते तेव्हा सांगते, की आपल्याकडे यासाठी प्रश्नावली लागत नाही. विचारा, "श्रावण पाळता का?" गटारीला भरपूर पिऊन महिनाभर बाटलीला हात न लावणारा माणूस एका जागी उभा आहे. "पूर्वी पाळायचो, गेली तीन वर्षं जमत नाही" असं म्हणून मान खाली घालणारा दुसऱ्या जागी. त्या दोघांमधलं अंतर म्हणजे एडवर्ड्स यांचा निबंध. आणि तो दुसरा माणूस हे वाक्य आपल्या बायकोसमोर म्हणतो तेव्हा ती मान वर करून बघते. ती तारीख, ते साल तिला पक्कं ठाऊक असतं.

एडवर्ड्स यांनी 1977 साली जे केलं ते फार थोडे प्राध्यापक करतील. त्यांनी दारूच्या आहारी गेलेले शंभर विवाहित पुरुष घेतले. सर्वांची नीट तपासणी केली. निम्म्यांना त्या वेळी उपलब्ध असलेला पूर्ण उपचार देऊ केला: औषधं, भेटी, गरज पडली तर भरती. उरलेल्यांना पत्नीसह एकदाच बसवून सल्ला दिला, की दारू सोडायची आहे, आणि हे तुम्हा दोघांच्या हातात आहे. वर्षाने पाहिलं तर दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. ज्याच्या विभागाचं नाव, खाटा, निधी उपचारांवर उभे आहेत, त्यानेच जगाला सांगायचं की आमच्या उपचाराने एका भेटीपेक्षा जास्त काही घडलेलं दिसत नाही! मी हा निबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा खचले होते. सरांनी मला तो पुन्हा वाचायला लावला आणि एका शब्दाखाली रेघ मारली. तो शब्द होता पत्नी. त्या एका भेटीतही ती होती.

त्याच अभ्यासातले सहकारी, मानसशास्त्रज्ञ जिम ऑरफर्ड, यांनी पुढची कित्येक दशकं व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठी दिली. त्यांचं प्रतिपादन साधं आहे. घरच्यांची दुखणी हा त्यांच्या स्वभावाचा दोष नाही. सतत ताणाखाली जगणाऱ्या कुठल्याही माणसाचं अंग असंच बोलू लागेल. म्हणजे बघा, दारूचा अभ्यास करणारे लोक चालत चालत मनोकायिक आजाराच्या दारात येऊन उभे राहिले.

आपल्या शेजारी, गोव्यात, हे दोन्ही रस्ते एकत्र आलेले मी पाहिले आहेत. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले विक्रम पटेल हे 1996 साली गोव्यात 'संगथ' संस्था उभी करणाऱ्यांपैकी एक. त्याआधी ते झिंबाब्वेत होते. तिथली शोना बोलणारी माणसं आपल्या त्रासाला "फार विचार करणं" असं म्हणतात, हे त्यांनी तिथे ऐकलं. गोव्यात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 2494 बायकांचा अभ्यास केला. प्रश्न होता, बायका अंगावरून पांढरं जात असल्याची तक्रार का करतात? दिसलं ते असं, की या तक्रारीचं नातं जंतुसंसर्गापेक्षा उदासी, चिंता आणि अंगाच्या इतर दुखण्यांशी अधिक घट्ट आहे. प्रतिजैविकं लिहून देणाऱ्या आम्हा सर्वांना हे हलवून गेलं.

इथे एक इशारा द्यायला हवा. 1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या 650 बायका तपासल्या होत्या आणि त्यांतल्या 92 टक्के जणींना स्त्रीरोगाचा काही ना काही आजार निघाला होता. म्हणून "मनाचं आहे" असं म्हणायची मुभा गोव्याच्या अभ्यासाने कुणालाही दिलेली नाही. आधी पडदा ओढून नीट तपासा. मग बसवून विचारा. यातलं एक करून दुसरं टाळणारा डॉक्टर माझ्या दृष्टीने अर्धंच काम करतो.

त्याच गोव्यात अभिजित नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत अपायकारक प्रमाणात पिणारे 377 पुरुष घेतले. डॉक्टर नसलेल्या, मुद्दाम शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी त्यांतल्या एका गटाशी चार भेटींपर्यंत बोलणं केलं. निकाल 'लॅन्सेट'मध्ये आला: आदल्या चौदा दिवसांत मुळीच न प्यायलेले या गटात 42 टक्के, आणि नेहमीची सेवा मिळालेल्यांत 18 टक्के. पुढे याच चमूने व्यसनी माणसांच्या घरच्यांसाठी काम हाती घेतलं.

पुण्यात डॉ. अनिता अवचट यांच्याजवळ प्राध्यापकपद नव्हतं, शोधनिबंधांची यादी नव्हती. येरवड्याच्या मनोरुग्णालयात त्या सरकारी नोकरी करत होत्या. 1986 साली त्याच आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीने. रुग्णांच्या बायकांसाठी तिथे 'सहचरी' गट चालतो. लंडनला जे कळायला मोठा प्रयोग करावा लागला, ते येरवड्यात बाकावर बसून वाट पाहणाऱ्या बायकांकडे बघून ओळखलं गेलं.

आज व्यसनाच्या मनोविकारशास्त्रात बंगळुरूला, दिल्लीला, चंडीगडला डी.एम. करता येतं. तरीही 2019 च्या राष्ट्रीय पाहणी अहवालानुसार दारूवर अवलंबून असलेल्या 38 माणसांमागे एकालाच कसला तरी उपचार मिळतो. त्याच्या घरातल्या बाईची मोजणी त्या 38 मध्ये येत नाही. माझ्याकडे हुशार मुलं येतात, रेडिऑलॉजी मिळाली नाही म्हणून हताश होऊन. "मॅडम, यात पेशंट बरे होतात का?" असं विचारतात. मी त्यांना सरांची वही वाचायला देते.

ती वही मी आज सोबत आणली आहे. लांबट, कापडी पुठ्ठ्याची. सरांनी त्या नवराबायकोला एकाच बुधवारी बोलावलं होतं. नियमानुसार केसपेपर दोन निघाले, सरांनी ते टाचणीने एकत्र लावून दिले. वहीत अकरा महिन्यांच्या नोंदी आहेत. पहिल्या चार भेटींत तो तीनदा पिऊन आलेला आहे आणि ती चारही वेळा आलेली आहे. पाचव्या भेटीत ती पहिल्यांदा डोक्याऐवजी घराविषयी बोलली, असं सरांनी लिहिलं आहे. शेवटची नोंद पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमधली. ती अशी: श्रावण पाळला. बाईंची कंबर दुखते, धडधड नाही. दोघे एकत्र आले. पुढची भेट चार आठवड्यांनी.

त्याच महिन्यात सरांची बदली झाली. पुढचं पान कोरं आहे.